बाहेर राखणदार, आत नोटीस : खाजणातल्या गवताचा इतिहास



परवा अमावास्येच्या उधाणानंतर बांधावर फेरी मारून आलो. उधाण ओसरलं की बांध बघायचा, ही आमच्या खारेपाटातली जुनी सवय. कुठे खेकड्याचं बीळ वाहतंय का, कुठे माती खचलीय का, उघाडीची फळी नीट बसतेय का, एवढं पाहून घरी यायचं. पाणी उतरत होतं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, नुसत्या चिखलात, हिरव्या गवताचे ठोंब पाण्यातून डोकं वर काढत होते. लांबून पाहिलं तर कुणीतरी खाडीत भात लावलंय असंच वाटेल. एक पान ओढलं. वरच्या बाजूला खरखरीत, ऊन लागलेल्या टोकाला पांढरी पूड. जिभेला लावली तर चक्क मीठ.

आमच्याकडे त्याला "खाजणातलं गवत" म्हणतात, बस्स. म्हशी आवडीने खातात, एवढीच त्याची किंमत. बंगालात मात्र सुंदरबनच्या लोकांनी त्याला नीट नाव दिलंय : धानी घास. म्हणजे धानासारखं गवत. नाव अगदी बरोबर आहे, कारण हे गवत भाताचं सख्खं भावंड आहे. शास्त्रीय नाव ओरायझा कोआर्कटाटा. आपल्या भाताचं नाव ओरायझा सटायव्हा. आडनाव एकच.

आज या गवताचा इतिहास लिहायचं कारण असं, की आपल्या खारजमिनीचा इतिहास आपण नेहमी बांधाच्या आतून सांगतो. खोत, कूळ, कायदा, बियाणं. बांधाच्या बाहेर उभं असलेलं गवत त्यात कधी येत नाही. मला ते बाहेर का ठेवायचं, हे नुकसान करून घेतल्यावर कळलं.

आधी गवत, मग शेत

धरमतरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना, अंबा, पाताळगंगा आणि कुंडलिकेच्या मुखाशी आज जी भातखाचरं दिसतात, ती मुळात खाजणं. नदी गाळ आणते, भरती तो पसरवते, ओहोटीला पाणी थांबलं की गाळ खाली बसतो. पण नुसता बसलेला गाळ पुढच्या भरतीला परत उठतो. त्याला धरून ठेवायला मुळं लागतात. उघड्या चिखलावर पहिल्यांदा पाय रोवणाऱ्यांत हे गवत असतं. ते बहुवर्षायू आहे. चिखलाखाली त्याचं खोड आडवं धावतं आणि ठिकठिकाणी नवे ठोंब फुटतात. पाण्याचा वेग ठोंबात अडला की गाळ तिथेच पडतो आणि चिखल थोडा थोडा वर येतो. मग तिवराचं बी अडकतं, तिवर उभं राहतं, आणि गवत पुढच्या चिखलावर सरकतं.

आपल्या पूर्वजांनी अशी वर आलेली जागा हेरली आणि खाडीच्या बाजूने मातीचा बांध घातला. बांधात उघाडी बसवली. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने फळी बाहेर उघडते, भरतीला खाडीच्या पाण्याने ती आपोआप मिटते. मग पावसाळ्याने जमीन धुवायची. आपल्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस हेच इथलं सगळ्यात मोठं खत आणि औषध. जून-जुलैचं पाणी खाचरात साठवायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला सोडून द्यायचं, परत साठवायचं. असं काही वर्षं केल्यावर तिथे भात उभं राहतं.

हे काम एका घराचं नव्हे. मराठी राजवटीत पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला सरकार कौल देत असे : सुरुवातीची काही वर्षं सूट, नंतर दरसाल थोडा थोडा वाढत जाणारा सारा. त्याला इस्तावा म्हणत. पुढे इंग्रजांच्या कागदांत, 1883 च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही, आपल्याकडच्या शिलोत्री जमिनींची नोंद आहे. शिलोत्रदार म्हणजे बांध घालून खाजण सुकवणारा आणि बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी असलेला माणूस. कूळ त्याला खंड देई, आणि बांधाच्या राखणीसाठी धान्याचा वेगळा हिस्साही देई. म्हणजे बांधाचा खर्च पिकातूनच निघायचा. हिशेब कागदावर तरी बरोबर होता.

व्यवहारात काय झालं, ते चरीच्या संपाने जगाला सांगितलं. 1933 साली अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. आसपासची पंचवीस गावं त्यात होती. संप 1939 पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी सहा वर्षं स्वतःच्या हाताने पीक न घेणं म्हणजे काय, हे खारेपाटात राहिलेल्यालाच कळेल. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि 1937 साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला आणि कसणारा मालक झाला.

जमीन आमची झाली. पण बाहेरचा बांध कोणाचा? 1948 सालीच मुंबई सरकारने खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला होता, 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला, आणि मोठे बांध सरकारी योजनेत गेले. लहान बांध गावाच्या गळ्यात राहिले. त्यांना गाव राखायचं ते जोळ करून. जोळ म्हणजे घरटी एक माणूस, फाल्गुन-चैत्रात ठरलेल्या दिवशी, पाटी-फावडं घेऊन. आजा सांगायचा, माती लांबून आणायची, माणसांची रांग लावून पाटी हातोहात पुढे द्यायची. बांधाच्या पायाशी कोणी फावडं घातलं तर म्हातारे शिव्या घालायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

आमची चूक

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. बांध एका जागी खचला होता. जोळ कधीच मोडली होती. पोरं कामाला बाहेर, म्हातारे घरी. आम्ही पाच घरांनी वर्गणी काढली आणि पोकलेन आणला. मशीन बांधावर उभं राहिलं, हात लांब केला आणि बाहेरच्या अंगाची, पायाशीच असलेली माती उचलून वर टाकली. दीड दिवसात काम फत्ते. बांध असा गुळगुळीत झाला की आम्ही फोटो काढले. मातीबरोबर बाहेरच्या गवताचा पट्टाही मुळासकट निघाला होता. "बरं झालं, साफ झालं," असं म्हणणारा मीच.

तो पावसाळा निभावला. पुढच्या वर्षी बांधाचा पाया उघडा होता. पूर्वी लाट गवतात शिरून थकलेली यायची, आता ती थेट मातीवर आपटायला लागली. खाडीत बार्ज गेला की त्याची लाट वेगळी. पोकलेनने खणलेल्या चरीत पाणी खोल झालं होतं, त्यामुळे लाटेचा जोरही जास्त. नारळी पौर्णिमेच्या उधाणाला रात्री खांड पडली. सकाळी पाहतो तर अकरा एकर उभ्या भातात खाडी.

भाताला मीठ किती सोसतं, ते आकड्यांत सांगतो, म्हणजे नुकसानीचा अंदाज येईल. मातीची क्षारता मोजायचं माप म्हणजे डेसिसायमन प्रति मीटर. 3 पर्यंत साधं भात निभावतं. त्यानंतर दर एका अंकामागे उत्पादन साधारण 12 टक्क्यांनी घसरतं. समुद्राचं पाणी 50 च्या आसपास असतं. पावसाळ्यात खाडीचं पाणी थोडं गोडावतं, तरी ते भातासाठी विषच. चार दिवसांत पानं करपली.

त्या वर्षी खांड बुजवता आली नाही. पुढचा उन्हाळा पैशाची जुळवाजुळव करण्यात गेला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेतात काहीतरी हिरवं दिसायला लागलं. आईला वाटलं पडलेलं भात उगवलं. जवळ जाऊन पाहिलं, तर तेच गवत, या वेळी बांधाच्या आत.

गवत असं करतं तरी काय?

भरतीचं पाणी दिवसातून दोनदा याच्या डोक्यावरून जातं. तरी ते जगतं, कारण मीठ आत साठू द्यायचं नाही ही त्याची रीत. पानाच्या वरच्या बाजूला बारीक केसांसारख्या ग्रंथी असतात. मुळातून वर आलेलं जास्तीचं मीठ तिथे जमा होतं आणि बाहेर टाकलं जातं. भरती किंवा पाऊस ते धुऊन नेतो. जिभेला लागलेली पांढरी पूड ती हीच. शिवाय पोटॅशियम धरून ठेवायचं आणि सोडियम बाहेर काढायचं, हे त्याला आपल्या भातापेक्षा कितीतरी चांगलं जमतं.

हे गवत शास्त्राच्या पुस्तकात आणलं विल्यम रॉक्सबर्ग यांनी. ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. त्यांचं पुस्तक 1832 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापलं गेलं. 1965 साली तातेओका या जपानी अभ्यासकाने त्याला भातापासून वेगळं काढून पोर्टेरेशिया असं नाव दिलं. नंतरच्या अभ्यासात ते परत भाताच्याच कुळात आलं. आपल्या भातात 24 गुणसूत्रं, याच्यात 48.

खारपड जमिनीवर उपाय शोधणाऱ्यांचं याच्याकडे लक्ष जाणारच. 2004 साली कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी या गवतातलं एक जनुक वेगळं काढलं. त्यातून बनणारं विकर खारटपणातही काम थांबवत नाही. 2013 साली फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आपल्या ओडिशाचे डॉ. क्षीरोद जेना यांच्या गटाने या गवताचा आणि आयआर 56 या भाताचा संकर यशस्वी केल्याचं जाहीर केलं. 34,000 संकरांतून हाती लागले 3 भ्रूण आणि जगलं 1 रोप. 2018 साली भारतीय शास्त्रज्ञांनी याच्या जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध केला.

हे सगळं मोठं काम आहे, मला त्याचा आदर आहे. पण शेतकरी म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आज जगभरच्या खारसहनशील भातांत जो गुण सगळ्यात जास्त वापरला जातो, तो सॉल्टॉल नावाचा जनुकांचा तुकडा केरळच्या पोक्काळी भातातून आला. पोक्काळी म्हणजे खाजणातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेलं बियाणं. गोव्याच्या खाजनांत कोरगुट तसंच राखलं गेलं. आपल्याकडे राता होता, काळा राता आणि भुरा राता. लाल तांदूळ, पेजेला उत्तम. पुढे निवड पद्धतीने काळा राता 1-24 आणि भुरा राता 4-10 ही वाणं पुढे आली, आणि आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल 1, 2, 3 ही वाणं दिली. पण घरातलं राताचं बी किती जणांकडे आहे? आमच्याकडे नव्हतं. जास्त उताऱ्याच्या नादात कधीच संपलं होतं.

आणि राता असो, पनवेल असो, उद्या या गवताच्या जनुकाचं भात आलं तरी ते थोडं जास्त मीठ सोसेल, एवढंच. उघाडी मिटत नसेल तर कोणतंही बी उभं राहणार नाही. खाडीत उभं राहायचं काम एकट्या या गवतालाच जमतं, आणि त्याची किंमत ते मोजतं. दाणा येतो थोडा, आणि वाळवून साठवला तर उगवण जाते. म्हणून त्याला बियाण्याने वाढवता येत नाही, चिखलासकट ठोंबच लावावा लागतो.

नोटीस

आता मूळ मुद्दा. गवत बांधाच्या आत दिसलं, म्हणजे खाडीने जमिनीचा ताबा घ्यायला सुरुवात केली. आमच्या शेतात पहिल्या वर्षी नुसता चिखल होता, दुसऱ्या वर्षी गवत आलं, तिसऱ्या वर्षी गवताच्या ठोंबात तिवराची बोटभर रोपं. शेजारच्या गावात खांड बुजवायची राहून गेली, तिथे आज माणसाच्या दुप्पट उंचीचं तिवर आहे. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर जंगल.

एकदा तिवर उभं राहिलं की ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली राज्यातल्या कांदळवनाची तोड आणि त्यावरचा भराव थांबवला आणि 2018 च्या निकालात तीच भूमिका कायम ठेवली. कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यात आला. मी या निकालाच्या विरोधात नाही. तिवर नसतं तर आमची गावं कधीच खाडीत गेली असती. निवट्या, चिंबोऱ्या, जिताड्याची पिल्लं तिथेच वाढतात. पण आजा-पणज्याने घामाने सुकवलेली जमीन केवळ वेळेवर खांड न बुजवल्याने जावी, हे मनाला लागतं. यात चूक कायद्याची नाही आणि तिवराचीही नाही. वेळ आपण घालवतो.

आम्ही तिसऱ्या उन्हाळ्यात खांड बुजवली. वरची आठ एकर परत आली. दोन पावसाळे नुसती धुवावी लागली, मग एका ओळखीच्या घरून मागून आणलेलं राताचं बी मोड आणून रहू टाकलं. खांडीजवळच्या सखल कोपऱ्यात तिवर राहिलं. तिथे आम्ही हात लावत नाही. तो कोपरा गेला, असं धरून चाललोय. बांध आता त्याच्या मागून घेतलाय.

गवताऐवजी काही लवकर वाढणारं बाहेरून आणून लावा, असा सल्लाही मिळाला. त्यावर चीनचं उदाहरण देतो. किनाऱ्याचा चिखल धरायला त्यांनी 1979 साली अमेरिकेतलं स्पार्टिना नावाचं खाडीगवत आणलं. त्याने चिखल धरला, पण स्थानिक गवत, पक्ष्यांच्या जागा, शिंपल्यांचे चिखलपट्टे सगळं गिळत सुटलं. 2022 पासून ते उपटायची देशव्यापी मोहीम त्यांना घ्यावी लागली. आपल्याकडे घरचं गवत उभं असताना परक्याला बोलवायची गरज नाही.

खारेपाटातल्या आणि खाडीकाठच्या मंडळींसाठी, आमच्या नुकसानीतून निघालेलं एवढंच :

1. बांधाच्या बाहेरचं गवत काढू नका. ते साफ करायचा कचरा नाही, बांधाचा पाया आहे.

2. माती बांधाच्या पायापासून घेऊ नका, बाहेरून तर अजिबात नको. आतल्या बाजूने, लांबून, उन्हाळ्यात घ्या. पोकलेनवाल्याला घाई असते. काम चालू असताना आपल्यातला एक माणूस समोर उभा ठेवा.

3. उधाणानंतर फेरी चुकवू नका. खेकड्याचं बीळ दिसलं तर त्याच ओहोटीत बुजवा.

4. हे गवत आत दिसलं तर आनंदाने म्हशी सोडू नका. ती नोटीस आहे. त्याच उन्हाळ्यात खांड बुजवा, नाहीतर पुढे हातात काही राहत नाही.

5. घरात राताचं थोडं तरी बी ठेवा. विकायला नाही, अडचणीला.

या फाल्गुनात आमच्या वाडीत पुन्हा जोळ करायचं ठरलंय. पाच घरं तयार आहेत, आणखी तीन घरांशी बोलणं चालू आहे. जिथे पोकलेनने बाहेरचा पट्टा खरवडला होता, तिथे जवळच्या दाट जागेतले थोडे थोडे ठोंब चिखलासकट उचलून हातभर अंतराने लावलेत. दोन ओळी लागल्या, एक ओळ गणपतीच्या उधाणात वाहून गेली. उरलेलीत नवे फुटवे आलेत. परवा दिसलेलं हिरवं त्यातलंच.

आजा शिव्या का घालायचा, ते आता कळलं. पुढच्या पोरांना मी कारणही सांगणार आहे.